पाच काड्यांवर पालथी बरणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी आहे. माझे झाकण केव्हाच हरवले. तोंडाच्या कडेला नखाएवढा टवका उडाला आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, पत्र्याच्या स्टुलावर मी राहते, आणि बहुतेक दिवस उलटीच असते. काचेला दुखत नाही, वास येत नाही. ऊन आले की ती तापते, ऊन गेले की गार होते. पण काचेतून आरपार दिसते. त्यामुळे माझ्या आत जे घडले आणि बाहेर जे घडले, ते दोन्ही मी पाहिले आहे. तेवढेच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. भट्टीतला लाल गोळा साच्यात पडला, यंत्राने आत हवा सोडली आणि मी पोटाने फुगले. आम्ही बाराजणी एका खोक्यात निघालो आणि एका बिस्किटांच्या दुकानात पोहोचलो. तिथे मी अकरा वर्षे होते. दुकानदार रोज सकाळी मला कोरड्या कागदाने पुसून लखलखीत करायचा. गिऱ्हाइके माझ्या पोटावर टकटक करून म्हणायची, "यातली द्या." मोठा मान होता तो. पुढे बिस्किटे पाकिटांतून येऊ लागली. माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. माझ्यात वाकडे खिळे, संपलेली पेने आणि एक मेलेली माशी राहायला आली. झाकण कुठे गेले ते मला कळलेसुद्धा नाही. दुकान बंद झाले तेव्हा मी भंगारवाल्याच्या ढिगात जाऊन पडले.

तिथून मला काकूंनी उचलले. काकू कपडे धुण्याच्या एका दुकानात शिवणकाम करायच्या. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या जाकिटाची चेन बदलायची, असे त्यांचे काम. घरी जाता जाता त्यांनी मला हातात घेतले आणि उन्हात धरून पाहिले.

"बाई, झाकण नाही हां तिला," भंगारवाला म्हणाला.

"झाकण नकोच आहे. मला हीच झाकण म्हणून हवी आहे," काकू म्हणाल्या.

काकूंना त्यांच्या इमारतीत सगळे 'कलमवाल्या काकू' म्हणत. त्यांच्या गॅलरीत जास्वंद होती, तगर होती, बोगनवेल होती. आणि रंगाच्या एका मोठ्या रिकाम्या डब्यात अनंताचे झुडूप होते, कंबरेएवढे, काळपट हिरव्या चकचकीत पानांचे. त्याला पांढरी फुले आली की जिन्यातून जाणारी माणसे थबकत. "काकू, आम्हाला एक काडी द्या ना याची," असे दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणे.

"जास्वंदीची न्या हवी तर. ती कुठेही खोचा, लागते," काकू म्हणत. "अनंत हट्टी आहे. त्याचं मी करून देते."

ते करणे म्हणजे काय, ते मी नऊ वर्षे पाहिले. काकू पेन्सिलीएवढी जाड फांदी निवडायच्या, फार कोवळी नाही आणि फार निबर नाही, अशी. तिच्या एका डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा खाली तिरका काप घ्यायच्या. खालची पाने काढून टाकायच्या आणि वरची शिवणाच्या कात्रीने अर्धी कापायच्या. "एवढी पानं पोसायला मुळं कुठायत अजून तुला?" असे काडीला बोलायच्या. मग रेती आणि कुजलेला पाला एकत्र करून छोट्या कुंडीत भरायच्या. पाच काड्या बोटाने भोके करून खोवायच्या, पाणी शिंपडायच्या आणि वर मला पालथी घालायच्या. आतला ओलावा आतच राही. आठवडाभराने त्या रोज सकाळी मला थोडा वेळ उचलून बाजूला ठेवत, म्हणजे काड्यांना वारा लागे. मग परत झाकत. सहा-सात आठवड्यांनी मुळे फुटत. पाचांतल्या दोन लागल्या तरी काकू खूश असत.

त्यांचे यजमान लिफ्ट दुरुस्त करणारे. आता ते निवृत्त झाले होते. "आयुष्यभर दुनियेच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि मला ठेवलंय तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत," असे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. काका हसत. सकाळी ते माझ्यासमोर खुर्ची टाकून चहा पीत. वस्तू उघडून आत काय चालले आहे ते बघायची त्यांना सवय. एकदा काकू आत गेल्या तशी त्यांनी मला उचलले आणि एक काडी हळूच उपटली.

"अहो! काय करताय?"

"मुळं फुटली का बघत होतो."

"मग? फुटली होती?"

"दोन. इवलीशी."

"होती. आता नाहीत," काकू म्हणाल्या. त्या आठवडाभर त्यांच्याशी बेताचेच बोलल्या.

मग तो बुधवार आला. आदल्या दिवशी काकूंनी पाच नवीन काड्या लावल्या होत्या. गेला महिनाभर त्यांना जिना चढताना दम लागत होता, आणि डॉक्टरांनी तपासण्यांसाठी दवाखान्यात राहायला सांगितले होते. काकू पिशवी खांद्याला लावून गॅलरीच्या दारात आल्या.

"चारेक दिवसांचं काम आहे. मी येईपर्यंत बरणीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"कळलं म्हणाल आणि परत उपटाल."

"नाही उपटत गं. चल, रिक्षा थांबलीय."

चार दिवसांपुरते त्यांचे सांगणे अगदी बरोबर होते. सुरुवातीचे दिवस मला उचलायचे नसतेच.

सहाव्या दिवशी दुपारी काका एकटेच आले. पायांतले बूट न काढता गॅलरीत येऊन खुर्चीवर बसले. हातात दवाखान्याची पिशवी होती, ती त्यांनी मांडीवर ठेवली. मग बरीच माणसे आली. शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या गेल्या आणि परत गेल्या. लेक आली. ती दुसऱ्या गावात माणसांना मोटार चालवायला शिकवते. ती बारा दिवस राहिली. कपडे वाळत घालायला गॅलरीत यायची, दोरीशी तोंड करून रडायची आणि आत जायची. माझ्याकडे तिने एकदाही पाहिले नाही. तेराव्या दिवशी ती कामावर परत गेली.

त्यानंतर घरात आवाज कमी झाले. काका उठत, चहा करत, माझ्यासमोर बसत. कप गार झाला की आत नेऊन ओतत. मला हात लावत नसत. माझ्या आतल्या भिंतीवर थेंब जमत, ओघळत, पुन्हा जमत. वारा नाही. पंधराव्या दिवशी एका पानाच्या कापलेल्या कडेला काळा ठिपका आला. विसाव्या दिवशी त्यावर करडी लव आली. ती बुरशी होती. तिथून ती दुसऱ्या काडीवर गेली, मग तिसऱ्या. मला ते सगळे दिसत होते, आणि काकांनाही दिसत असणार, कारण ते माझ्याकडेच बघत असत. मला वाईट वाटले का, असे तुम्ही विचाराल. मला ठाऊक नाही. मी तापत होते आणि गार होत होते.

रंगाच्या डब्यातल्या अनंतालाही कुणी पाणी घातले नाही. घालू नका असे कुणी म्हटले नव्हते, पण घाला असेही कुणी सांगितले नव्हते. आधी त्याच्या कळ्या गळल्या. मग पाने पिवळी झाली आणि तीही गळली. समोरच्या घरातली शेजारीण डबा द्यायला आली तेव्हा तिने गॅलरीत डोकावून पाहिले.

"काका, झाडं सुकली हो सगळी."

"हो," काका म्हणाले. शेजारीण डबा ठेवून गेली.

पाच आठवड्यांनी लेक सुट्टी काढून आली. सकाळी ती गॅलरीत आली आणि या वेळी तिने मला पाहिले. मी आतून पार आंधळी झाले होते. तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि आपले तोंड बाजूला केले. आत फार घाण वास असणार. पाचही काड्या काळ्या पडून रेतीवर आडव्या झाल्या होत्या.

"बाबा! हे काय? रोज उघडायची असते ही. आई उघडायची की."

"हात लावू नका म्हणाली होती. ती येईपर्यंत."

लेकीने मला खाली ठेवले. "आई येणार नाहीये, बाबा."

"मला ठाऊक नाही होय? मी खुळा आहे का?"

"मग?"

काका कपाकडे बघत राहिले. "ठाऊक आहे म्हणूनच नाही उचलली. तिचं शेवटचं सांगणं तेवढंच होतं. ते मोडलं की मग झालं. मग काय उरलं करायला?"

लेकीने ती कुंडी रिकामी केली. काड्या एका कागदात गुंडाळल्या. मग ती अनंताच्या झुडपापाशी उकिडवी बसली आणि एका फांदीची साल तिने नखाने खरवडली. आत तपकिरी, वाळलेले. दुसरी खरवडली. तीही तशीच. ती एकेक फांदी खरवडत खाली खाली गेली. बुंध्याजवळची शेवटची जाड फांदी खरवडली तेव्हा ती थांबली.

"बाबा, इकडे या. हे बघा."

काका वाकले. सालीखाली हिरवी रेघ होती, नखाएवढ्या जागेत, ओली.

"जिवंत आहे," लेक म्हणाली. "आज पाणी घालायचं. भसाभस नाही. थोडं थोडं, गिअर बदलल्यासारखं. जमेल?"

"मी काय तुझा विद्यार्थी आहे का?"

"विद्यार्थी बरे, ब्रेक तरी मारतात वेळेवर," ती म्हणाली. काका हसले नाहीत, पण त्यांनी तांब्या आणला.

लेकीने मला साबणाने धुतले, दोनदा, आणि उन्हात ठेवले. दोन दिवसांनी ती गेली. काका रोज एक तांब्या पाणी घालू लागले. पहिले तीन आठवडे काहीच झाले नाही. मग बुंध्यावर हिरवे टोक आले, आणखी काही आली. दोन महिन्यांनी त्यांच्या फांद्या झाल्या, आणि त्या पेन्सिलीएवढ्या जाड होईपर्यंत काका थांबले. त्यांनी कॅलिपर लावून जाडी मोजली. मोजमापाशिवाय त्यांना चैन पडत नाही.

पाच काड्या त्यांनी लेकीला फोन लावून, तो कानाशी खांद्याने धरून कापल्या.

"डोळ्याच्या खाली काप. तिरका," लेक फोनवर सांगत होती.

"तिरका म्हणजे किती अंशात?"

"बाबा, तिरका म्हणजे तिरका!"

त्यांनी शिवणाची कात्री शोधली. ती काकूंच्या शिवणयंत्राच्या खणात होती. तो खण तोपर्यंत कुणी उघडला नव्हता. काका त्या खणापुढे बराच वेळ उभे राहिले, मग कात्री घेऊन आले आणि पाने अर्धी कापली. एक जरा वाकडी कापली गेली. मला पालथे घातले.

आठव्या दिवसापासून ते मला रोज सकाळी उचलू लागले. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. पहिल्या दिवशी उचलताना मी त्यांच्या हातून निसटले आणि स्टुलाच्या कडेवर आपटले. हा टवका तेव्हाचा. अकराव्या दिवशी एक काडी काळी पडली. त्यांनी ती लगेच काढून टाकली. पुढच्या आठवड्यात दुसरी गेली. उरलेल्या तीन तशाच उभ्या होत्या, जिवंत की मेलेल्या ते बाहेरून कळत नव्हते. एका सकाळी काकांची दोन बोटे मधल्या काडीला जाऊन टेकली. धरली. मग त्यांनी हात मागे घेतला, खिशात घातला आणि पंधरा मिनिटे संपेपर्यंत तिथेच ठेवला.

सातव्या आठवड्यात त्यांनी कुंडी पाणी निथळायला उचलली आणि खालून पाहिली. तळाच्या भोकातून पांढरी मुळे बाहेर आली होती, शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक. काका कुंडी हातात घेऊनच खुर्चीवर बसले. मग फोन लावला.

"तीन मुळं दिसतायत. खालून. मी काही उपटलं नाही हां."

काकांनी कुंडी पुन्हा तिरकी करून मुळे पुटपुटत मोजली. कुंडीतली रेती त्यांच्या पायजम्यावर सांडत होती.

"बाबा, रडताय का?"

"नाही," काका म्हणाले, आणि ते खरे होते. मग त्यांनी विचारले, "तू जेवलीस का?"

काकू गेल्यापासून त्यांनी दुसऱ्या कुणाची केलेली ती पहिली विचारपूस होती. लेक म्हणाली, "नाही अजून." ते म्हणाले, "जेव मग. आणि रविवारी ये. एक रोप तुझं, एक समोरच्या शेजारणीचं. तिसरं कुणाला द्यायचं ते तू सांग."

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुणीतरी रोज सकाळी काहीतरी उचलते, झाकते, पुसते, थोडे पाणी शिंपडते. ते तुम्ही समोर बसून बघता. मीही नऊ वर्षे बघत होते, पण मला विचारता येत नाही. तुम्हाला येते. किती वेळ उघडायचे, किती पाणी, कधी थांबायचे, हे विचारून घ्या. हातातले काम न थांबवता ती माणसे सांगतात.