आठव्या भोकातला दिवा

मान वर केल्याशिवाय मी कुणाला दिसत नाही, आणि दिव्याकडे मान वर करून बघतं कोण? लोक उजेड बघतात. म्हणून आज मीच बोलतो. मी छतातला दिवा. इजिप्तमधल्या इस्कंदरियाच्या, म्हणजे अलेक्झांड्रियाच्या, कर्मूझ भागात लग्नाचे पोशाख शिवणारी फिक्रिया राहते. तिच्या खोलीत, बरोबर शिलाई मशीनच्या वर, मला बसवलं होतं.

माझा देह तो केवढा! पांढरी गोल कडा, आत काच आणि पाठीमागे दोन स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा म्हणजे माझे हात. माझ्या खोक्यावर कारखान्यातच छापलं होतं, भोक साडेसात सेंटिमीटर. एवढीच माझी मागणी. तेवढं भोक मिळालं की हात दुमडून मला आत सारायचं. आत गेल्यावर हात आपोआप उघडतात आणि बोर्डाला वरून दाबून धरतात. खालून कडा, वरून हात, मधे बोर्ड. मग मी वर्षानुवर्षं जागचा हलत नाही.

फिक्रिया साठीची. दोन वर्षांपासून तिला सुईत दोरा ओवता येईनासा झाला होता. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायची, एक डोळा मिटायची, तरी दोरा सुईच्या बाजूने जायचा. "डोळे गेले की काम गेलं," ती म्हणायची, "आणि काम गेलं की कैरोला लेकाच्या घरी. सुनेच्या स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे म्हणे माझ्यासाठी." ती खोली तिला नको होती. म्हणून तिने जिप्सम बोर्डाचं नवं छत करून घेतलं आणि त्यात आठ दिवे.

विजेचं काम उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, वगदीचं. दुसऱ्या कुणाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. वगदीच्या जन्मानंतर त्याची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा फिक्रियाच्या आईने दोघांना एकत्र पाजलं होतं. तो तिचा दूधभाऊ, आणि इथे ते नातं रक्ताइतकंच पक्कं. इतर कारागीर घरात असले की फिक्रिया डोक्याला रुमाल बांधायची. वगदी एकटा असला की तिचे पांढरे केस मोकळे. सख्ख्या भावापुढे कसला आडपडदा?

छत ठोकायला वगदीने आपला जावई करम आणला. करमचा हात चलाख, पण माणूस उतावळा. सात भोकं त्याने नेमकी पाडली. आठव्या भोकाला ड्रिलचं गोल पातं मोडलं. शुक्रवार होता, नमाजाची वेळ होत आली होती. पिशवीत दुसरं पातं होतं, नऊ सेंटिमीटरचं. त्याने तेच लावलं.

वगदीने मला वर सारलं आणि माझ्या हातांनी मलाच भोकातून वर ओढून घेतलं. कडा टेकायला बोर्डच उरला नव्हता.

"अरे गाढवा, हे काय केलंस?" वगदी दबक्या आवाजात म्हणाला. "यातून माझं डोकं जाईल!"

"कडेएवढंच तर आहे, काका. थोडं जिप्सम भरा, कळणारसुद्धा नाही."

"बोर्ड उतरवून नवा लावावा लागेल."

"लावा. मग फिक्रियाकाकूंना सांगा, त्या गल्लीला सांगतील. तुमची लेक गेल्या महिन्यातच भांडून माहेरी आली होती. आता माझं कामही गेलं तर पुन्हा येईल, कायमची."

वगदीने मला भोकातून खाली काढलं. मी त्याच्या तळहातावर होतो. मला खात्री होती, हा मला पुन्हा खोक्यात ठेवणार. त्याने खिशातून काळी चिकटपट्टी काढली, माझे दोन्ही हात पाठीमागे दुमडले आणि बांधून टाकले. मग कडेभोवती ओलं जिप्सम भरलं आणि अंगठ्याने सारखं केलं.

फिक्रिया चहा घेऊन आली. "झालं का रे? की शिडीवरच झोपलास?"

"तुझ्या चहाची वाट बघत कोण झोपेल? पहाट व्हायची! साखर घातलीस की नुसती दाखवलीस?"

"चार चमचे घातलीय. दात पडले की माझ्या नावाने रडू नकोस." तिने वर बघितलं. "अगं बाई, हा कसा बसलाय! बाकीच्यांच्या कडेशी रेघ दिसते. याच्या तीही नाही."

"मोगऱ्यासारखा," वगदी म्हणाला.

या शहरात चोख कामाला असंच म्हणतात, मोगऱ्यासारखं. कुणीही, कशालाही म्हणतं. वगदी मात्र तसा नव्हता. बाकीच्या सातही दिव्यांना त्याने आधी खाली ओढून पाहिलं होतं आणि मगच तो शब्द उच्चारला होता. मला त्याने ओढलं नाही.

बटण दाबलं. फिक्रिया मशीनपाशी बसली, सुईकडे वाकली आणि ओरडली, "ओवला! पहिल्या झटक्यात ओवला रे!" वगदी चहाच्या पेल्यात बघत राहिला.

सहा महिने मी पेटत राहिलो. तिने माझ्या उजेडात अकरा नववधूंचे पोशाख शिवले. मला ओरडता येत नाही. खोटं झाकायचं असो की काम करायचं असो, मला एकच येतं, उजेड देणं.

नोव्हेंबरात मक्नसाचं वादळ आलं, दरवर्षी समुद्रावरून येणारं, झाडूसारखं सगळं झाडून नेणारं. चार दिवस समुद्राची खारट ओल भिंतींत शिरत होती. माझ्या कडेचं जिप्समही ती पीत होतं. पाचव्या दिवशी सकाळी पांढऱ्या सॅटिनवर एक खपली पडली. फिक्रियाने फुंकर मारून ती उडवली आणि पुन्हा मशीन चालवलं. पुढच्या क्षणी मी सुटलो. छतात गुंडाळून ठेवलेली लांब वायर उलगडत गेली आणि मी तिच्या मनगटावर आदळलो. हात सरकला, मशीनची सुई नखातून आरपार गेली.

ती ओरडली नाही. चाक उलटं फिरवून तिने सुई वर काढली, बोटाला चिंधी गुंडाळली. सॅटिनवर रक्त पसरत होतं. मग तिने लोंबकळत असलेल्या मला धरून उलटं केलं. चिकटपट्टी पाहिली. जिप्सममधला अंगठ्याचा ठसाही पाहिला. नंतर शेजारणीकरवी वगदीला निरोप धाडला.

तो धावतच आला आणि उंबऱ्यात थबकला. फिक्रियाने डोक्याला रुमाल बांधला होता, हनुवटीखाली गाठ मारून.

"हात दाखव आधी," वगदी म्हणाला.

"आधी हे बघ. हे कोणी बांधलं?"

"मी," वगदी म्हणाला. "भोक करमने चुकवलं. बांधलं मी. जाऊ दे ना फिक्रिया, चूक झाली. पोरीचा संसार मोडत होता गं."

"चूक करमची झाली. चाळीस वर्षांत मीही किती कापडं चुकीची कापली, वगदी. प्रत्येक वेळी नवरीच्या आईपुढे मान खाली घालून सांगितलं. तू मला सांगितलं असतंस तर करमचं नाव या दाराबाहेर गेलं नसतं. तुला तेवढाही भरवसा नव्हता माझा?"

वगदी उंबऱ्यातून एक पाऊल आत आला. "निदान तो रुमाल तरी काढ," तो म्हणाला.

"घरात परका माणूस आहे."

दुसऱ्याच मोहल्ल्यातून वीजवाला आला. त्याने बोर्ड बदलला, भोक मोजून पाडलं, माझी चिकटपट्टी कापली. पहिल्यांदाच माझ्या हातांनी काहीतरी धरलं. फिक्रिया स्वतः शिडीवर चढली आणि तिने मला दोनदा जोरात ओढून पाहिलं. मी तसूभरही हललो नाही.

तुमच्या छतात दिवा बसवला, की बसवणाऱ्यासमोर एकदा ओढून बघा. आम्हाला राग येत नाही. चांगल्या कारागिरालाही येणार नाही.

संध्याकाळी तिने शेजारणीच्या मदतीने मशीन खिडकीपाशी सरकवलं. मी घट्ट होतो, पण कुठल्याच दिव्याखाली बसायला तिचं मन धजत नव्हतं. आता माझ्याखाली नुसती फरशी आहे. काल दुपारी आभाळ भरून आलं, खिडकीतला उजेड गेला. ती बराच वेळ सुईशी झटत बसली होती. आम्हा आठही दिव्यांचं बटण तिच्या हाताच्या अंतरावर होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, कापडाची घडी घातली आणि कैरोला लेकाला फोन लावला, ती स्वयंपाकघरालगतची खोली अजून रिकामी आहे का विचारायला.