फोनवर ओटीपी मागणारा

साहेब, तुम्ही खोटारडे आहात. आधीच तोंडावर सांगितलेलं बरं, पुढं गैरसमज नको. अडतीस पोरांच्या नावापुढं ‘प्रशिक्षित’ लिहून तुम्ही मोकळे झालात, आणि त्यातल्या निम्म्यांचा हात अजून माउस धरला की थरथरतो. ते तुम्ही पाहिलं नाही. तुम्ही फोटो पाहिले.

ते फोटो कसे निघाले हे स्वप्नाच्या डोळ्यांदेखत घडलेलं. निरगुडसरच्या आत वस्तीवरच्या शाळेत जानेवारीत बारा लॅपटॉप आले आणि त्याच गाडीतून प्रमाणपत्रंही आली. नाव नाही, गाव नाही, कोरी. पोरांच्या हातात दिली, छातीशी धरायला लावली, फोटो काढला आणि परत गोळा करून नेली. "पुढच्या शाळेत लागत्यात," फोटोवाला म्हणाला. तोवर एक अक्षरही शिकवून झालं नव्हतं.

स्वप्ना महाळुंगे पडवळची. अकरा महिन्यांच्या करारावर शिकवायची, रोज स्कूटीवर यायची. दोन तालुके मिळून डिजिटल साक्षरता प्रकल्पाचं एकच ऑफिस, जुन्नरला बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. साहेब तिथलेच. तिथल्या कागदावर साठ तासांचा कोर्स ऑगस्टपासून चालू होता. खरे तास भरले होते एकोणीस. कधी लाईट नाही, कधी खोलीत निवडणुकीच्या पेट्या, आणि बारा लॅपटॉपला भिंतीत प्लगची जागा एकच.

तरी ती चिवटपणे शिकवत होती, कारण तिला एकदा चटका बसलेला. बारावीनंतर तिचा प्रवेशाचा फॉर्म नेटकॅफेवाल्यानं भरला. जातीच्या दाखल्याच्या जागी त्यानं तिच्या भावाचा दाखला चढवला. ती शेजारी उभी होती, पण स्क्रीनकडं बघितलंच नाही. आपल्याला काय कळतंय, म्हणून. वर्ष गेलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या बोटांवर तिचा भरवसा नव्हता.

गुरुवारी दुपारी, मधली सुट्टी संपल्यावर, तिनं फसवणुकीचा धडा घेतला. पप्पू नववीतला, वर्गाचा नकलाकार. तो चोर झाला. कानाला डस्टर लावून म्हणाला, "हॅलो, मैं बँक से बोल रहा हूँ. आपका खाता बंद होने वाला है."

"माज्या आजीचं खातंच न्हाई," तेजस्विनी म्हणाली. "आता काय करशील?"

"मग आदी खातं काढा की आजी! मी थांबतो लाइनीवर."

वर्ग खदखदला. स्वप्नाही हसली. "बरं, चोर ओळखायचा कसा?"

"घाई करतो!"

"भ्या दावतो!"

"ओटीपी मागतो!"

"आणि आपण काय करायचं?"

"बापाला बी सांगायचा न्हाई!" अडतीस तोंडं एकदम उघडली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेबांचा. फोन कानाला लावून महिनाभर ऐकूच येत नव्हतं, स्पीकर लावावा लागे. आणि लॅपटॉपला नेट त्याच फोनवरून, हलवला तर जायचं. तिनं टेबलावरच उचलला.

"स्वप्नाताई, एक ओटीपी आला असेल बघा. पटकन सांगा. दहा मिनिटांत जातो तो."

पप्पूनं एक बोट वर केलं.

स्वप्नानं मेसेज उघडला. ‘प्रशिक्षण पूर्ण झाल्याबाबत संमती. विद्यार्थी ३८. तास ६०.’ खाली सहा आकडे.

"सर, साठ तास झालेले नाहीत. एकोणीस झालेत."

"अहो ताई, सगळीकडं असंच असतंय. मार्च आहे, आज क्लोज व्हायला पाहिजे. गाडी पाठवलीय, लॅपटॉप पुढच्या शाळेला जायचेत. आणि तुमचा करार माझ्याच टेबलावर आहे, हे ध्यानात ठेवा."

पप्पूचं दुसरं बोट वर गेलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"बोला ना ताई, ओटीपी काय आहे?"

तिसरं बोट. आता कुणीच हसत नव्हतं. अडतीस पोरं तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि ती त्या सहा आकड्यांकडं. नोकरी गेली तर घरी आई काय म्हणेल, स्कूटीत पेट्रोल कशानं भरायचं, सगळं डोक्यातून गरागरा फिरून गेलं.

"नाही सांगत, सर."

"काय?"

"आत्ताच शिकवलंय पोरांना, फोनवर कुणाला सांगायचा नाही म्हणून. आता मीच कशी सांगू?"

साहेब थंडपणे म्हणाले, "ठीक. हेडमास्तरांच्या नंबरवर पाठवतो," आणि फोन ठेवला.

हेडमास्तर भिमाजी सर दोनच मिनिटांत दारात आले, हातात मोबाइल, चष्मा कपाळावर. मागं टेम्पोचा ड्रायव्हर भरत, पुठ्ठ्याचे खोके घेऊन.

"सर, देऊ नका," स्वप्ना म्हणाली.

"मॅडम, माजी दोन वर्सं राहिलीत," सर हळूच म्हणाले. "पेन्शनची फाईल त्यांच्याच ओळखीतनं जायची. तुमी तरण्या हाय, तुमाला रागवायला परवडतं."

"सर, आमचं व्हायचंय अजून," पहिल्या बाकावरून प्राची उठली. दहावीची, पेपर संपले तरी या तासाला येणारी, कधी न बोलणारी. "आईचा विधवा पेन्शनचा फॉर्म मीच भरणार व्हते. दाखला चढवायचं उद्या शिकणार व्हतो."

सरांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बहुतेक जमलं नसतं. व्हरांड्यात जाऊन त्यांनी एकेक आकडा वाचून दाखवला, पाढे म्हणावेत तसा. खिडकीतून सगळ्यांना ऐकू आलं. स्वप्नाच्या फोनवर टिंग वाजलं. ‘अभिनंदन. आपल्या शाळेतील ३८ विद्यार्थी डिजिटल साक्षर झाले आहेत.’

भरत लॅपटॉप उचलू लागला. वायरी गुंडाळल्या, एक खोका भरला, दुसरा भरला. पोरं बसल्या जागी चुळबुळत होती. कुणी बाक वाजवत होतं, कुणी दाराकडं बघत होतं. प्राची मात्र लॅपटॉपवरचे हात काढेना.

"पोरी, दे की आता. मला जुन्नर गाठायचंय."

"मॅडम, तक्रार मेलवर करता येती ना? तुमी म्हणला व्हता."

"येते. पण तुझं खातं कुठंय? खातं काढणं उद्याच्या धड्यात होतं."

"मग तुमच्यावरनं करू?"

तिच्या खात्यावरून, म्हणजे तिच्या नावानं. सही तिची, पत्ता तिचा, आणि करार साहेबांच्या टेबलावर. दोन बाकांमधल्या चिंचोळ्या जागेत ती दोनदा पुढं-मागं झाली. सांगून टाकावं की जाऊ दे प्राची, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी प्राची शाळेत नसणार. नेटकॅफेत उभी असणार, स्क्रीनकडं न बघता.

"सरक," ती म्हणाली आणि शेजारी बसून तिनं आपला पासवर्ड टाकला.

भरतनं घड्याळ पाहिलं, पोरीकडं पाहिलं. "अकरा भरलेत. बाराव्याचं झाकण बसंना झालंय बगा, चहा पिऊन येतो," म्हणाला आणि बाहेर गेला.

"कुणाला पाठवायचं?" प्राचीनं विचारलं.

"जुन्नरला. त्यांच्यावरच्यांना. आणि त्यांच्याही वरच्यांना. स्वल्पविराम दे, तिघांनाही जातं."

"एकोणीस तासांची हजेरीवही बी लावा," तेजस्विनी म्हणाली. "फोटो काडून." काढला. मोठा झाला, चढेना. पप्पूनं पुढं घुसून तो लहान करून दिला. तेवढं एक शिकून झालं होतं.

मग प्राची टाइप करू लागली. एका बोटानं, अक्षर शोधत. वेलांटी चुकली की मागं जायची, पुसायची, परत. बाकीची सदतीस जणं तिच्याभोवती गोळा झाली होती, एकमेकांच्या खांद्यावरून वाकून. बाहेर टेम्पो चालू झाला. स्वप्नानं तिच्या हाताला हात लावला नाही. एकही अक्षर सांगितलं नाही.

‘साहेब, आमच्या मॅडमनी ओटीपी दिला नाही. तो तुम्ही दुसऱ्याकडून घेतला. आमच्या नावावर साठ तास लिहिलेत. आम्हाला एकोणीस मिळाले, वही जोडली आहे. बाकीचे एकेचाळीस तास तुम्ही कोणाला शिकवले? नाव, गाव आणि तारीख लिहून उत्तर द्या.’