प्रार्थनेच्या माईकची तक्रार

हे लिहिणारच नव्हतो. माईकने दुसऱ्यांचं बोलावं, स्वतःचं नाही, असं म्हणतात. पण आता डोक्यावरून पाणी गेलं.

मित्रांनो, मी एक जुना माईक. ख्रिस्ती शाळेच्या प्रार्थनेच्या हॉलमधला. नवा आलो तेव्हा मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, मला स्वतःच्या रुमालाने पुसायचे. आता जाळी चेपलीय, मानेला चिकटपट्टी आहे. जो येतो तो आधी माझ्या तोंडावर टपली मारतो. "हॅलो, हॅलो!" अरे, ऐकू येतंय!

इथे शिक्षक चांगला की वाईट, ते वर्गात नाही ठरत. माझ्यासमोर ठरतं. रोज सकाळी एकाने प्रार्थना करायची आणि मोठे सर पहिल्या खुर्चीत बसून त्याची श्रद्धा जोखणार. विज्ञानाचे सर यात पटाईत. "हे प्रभू, मोठ्या सरांसारखा मेंढपाळ दिलास!" नाव प्रभूचं, लोणी मोठ्या सरांना. मुलं बिचारी या पायावरून त्या पायावर ताटकळत उभी. वर्गात हेच सर "धडा घरी वाचा" म्हणतात आणि डुलक्या काढतात, असं मुलं माझ्याशेजारी कुजबुजतात.

गणिताच्या बाई वेगळ्या. मधल्या सुट्टीत इथेच स्टेजच्या पायरीवर कच्च्या मुलांना घेऊन बसायच्या. परवा प्रार्थनेची पाळी त्यांच्यावर आली. हळू आवाजात म्हणाल्या, "देवा, सहावीला आज भागाकार जमू दे. आमेन."

संपलं! अख्खा हॉल "आमेन" ओरडला. इतकं मनापासून मी कधीच ऐकलं नव्हतं.

मुलं वर्गात गेली तसे मोठे सर तरातरा आले. "ही प्रार्थना? एवढ्या हळू? देवाला ऐकू तरी गेली का?"

"देवाला गेली, सर. मुलांनाही गेली. राहिलं कोण?"

"तुमची श्रद्धा कमी पडते, बाई. उद्यापासून येऊ नका."

मागून विज्ञानाचे सर म्हणाले, "आमेन!"

बाईंनी मला बंद केलं, माझी वायर नीट गुंडाळली आणि गेल्या. सहावीचा भागाकार तिथेच अडलाय.

मित्रांनो, वस्तू जपा, असं तुम्हाला शिकवतात. माझं मरू दे. शिकवणारं माणूस जपा आधी.

उद्या पालकसभा आहे. मोठे सर आत्ताच माझ्यासमोर तालीम करून गेले, "बाई स्वखुशीने गेल्या." भिंतीवरचा कर्णा माझा जिगरी दोस्त. त्याला म्हटलं, "शब्द देतो, दोस्ता. उद्या ते 'स्वखुशीने' म्हणाले, की तिथल्या तिथे अशी कर्कश शिट्टी मारीन की पुढचं अक्षर कुणाला ऐकू जाणार नाही. तू फक्त ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचव."