एक गाठ संडासाची, दोन समुद्राच्या

"जाम आहे हो मिस्त्री," बोटीचे मालक, दातांचे डॉक्टर, संडासातून म्हणाले. "दांडा तसूभर हलत नाही."

"जोर लावू नका. मी व्हॉल्व्ह दुसऱ्या बाजूला फिरवून बघतो. सांगेपर्यंत हात लावू नका."

थोरले मिस्त्री बोटीच्या नाकाकडच्या पलंगाखाली छातीपर्यंत आत शिरले होते. त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. पण जन्मभर दुसऱ्यांना 'हलू नका' सांगणाऱ्या डॉक्टरांना स्वतःला ते कधी जमलं नव्हतं. त्यांनी पंपाचा दांडा मारला. तो लोण्यात सुरी जावी तसा खाली गेला, म्हणून त्यांनी खुशीत आणखी दोन-चारदा मारला.

बोटीखालून आवाज आला, "वर कोण आहे, त्यानं खाली यायचं बघू आधी."

आवाज मुकादमाचा होता. शिडाची ती बोट पाण्याबाहेर काढून गोदीत टेकूंवर उभी केली होती आणि मुकादम नेमका तिच्या तळातल्या भोकाखाली उभा होता. चाचणीसाठी संडासात निळा रंग कालवलेलं पाणी ओतलं होतं. ते टाकीत जायला हवं होतं. टाकी कोरडी ठणठणीत राहिली आणि मुकादमाचा पांढरा सदरा आभाळासारखा झाला.

"निदान स्वच्छ पाणी होतं," डॉक्टर वरून वाकून म्हणाले.

"उपकार झाले," मुकादम म्हणाला.

काम तसं काही डोंगर फोडण्याचं नव्हतं. आजवर या बोटींचे संडास सरळ समुद्रात रिकामे होत. आता बंदराचा नियम आला होता : किनाऱ्याजवळ असताना सगळं बोटीतल्या टाकीत साठवायचं, खोल समुद्रात गेल्यावर सोडायचं. टाकी नसेल तर बोट पाण्यात उतरणार नाही. त्यासाठी पलंगाखाली एक टाकी आणि तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह बसवायचा. मधल्या तोंडाला संडासाकडून येणारा पाइप, उरलेल्या दोन तोंडांना एक टाकीचा, एक समुद्राचा. थोरल्यांनी मधल्या तोंडाला समुद्राचा पाइप लावला होता. म्हणजे व्हॉल्व्हची मूठ कुठेही वळवली तरी संडासाची आणि टाकीची भेट होणंच शक्य नव्हतं.

हे त्यांना आता कळत होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की असं झालं कसं.

त्यांची कामाची एक रीत होती. पलंगाखाली अंधार, जागा एवढीशी, पाइप सगळे एकसारखे. म्हणून जुना पाइप कापायच्या आधीच ते मेणाचा दोरा बांधून खूण करत. संडासाकडून येणाऱ्याला एक गाठ, समुद्राकडे जाणाऱ्याला दोन. मग डोळे मिटून बोटांनी काम करता येई. काल त्यांनी गाठी मारल्या होत्या. मारल्या होत्याच. आज बोटांना एक गाठ लागली तो पाइप त्यांनी मधल्या तोंडाला लावला.

म्हणजे काल गाठीच उलट्या मारल्या असणार.

पाइपात फुंकर मारली की कुठला कुठे जातो ते कुणालाही कळतं, त्याला मिस्त्री लागत नाही. प्रश्न पाइपांचा नव्हताच. मागच्या महिन्यात त्यांच्या हातून दुसऱ्या एका बोटीतली पाइपाची एक क्लिप आवळायची राहून गेली होती. त्याच सुमारास एका सकाळी ते गोदीच्या जुन्या फाटकाशी जाऊन उभे राहिले होते. ते फाटक विटा लावून बुजवल्याला कितीतरी वर्षं झाली होती, आणि हे आपले वॉचमन अजून कसा आला नाही म्हणून खोळंबलेले. संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "आज उशीर का?" तेव्हा म्हणाले, "फाटक बंद होतं." ते फाटक बुजवल्याचं तिला ठाऊक होतं. तिने नुसतं ताट वाढलं, ते त्यांना अजून टोचत होतं.

क्लिपच्या वेळी मुकादम म्हणाला होता, "काका, आणखी एकदा असं झालं तर मी तुम्हाला भांडारात बसवीन. राग मानू नका. लोक यावर भरवसा ठेवून समुद्रात जातात."

भांडारात बसायचं म्हणजे खिळे मोजून द्यायचे. ज्याने मुकादमाला पाना धरायला शिकवलं त्याने मुकादमाच्या माणसांना खिळे द्यायचे.

मुकादम शिडी चढून आत आला. लहानपणी काडीसारखा होता म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणत. आता तो दारातून तिरका होऊन आत येई, पण थोरल्यांच्या तोंडी बारक्याच राहिला होता.

"काका, काय झालं?"

"गाठी उलट्या पडल्या."

"तुमच्या?"

"मग काय डॉक्टरांच्या?"

मुकादमाने सदऱ्याची कड पिळली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "बाहेर या. बाकीचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो."

"बघू तर दे," थोरले म्हणाले आणि पुन्हा आत शिरले. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाहेर येऊन त्या दोघांची तोंडं बघण्यापेक्षा आत अंधारात पडून राहणं बरं, एवढंच.

त्यांनी व्हॉल्व्हवरून पाइप सोडवला आणि दोऱ्यावर बोट ठेवलं. एक गाठ. दुसऱ्यावर दोन. मग त्यांनी हात लाकडी फळीच्या मागे, आणखी आत सरकवला आणि चकित झाले. तिथे पहिल्याच पाइपावर आणखी एक दोरा होता. त्याला दोन गाठी. दुसऱ्या पाइपावरही आत दुसरा दोरा, त्याला एक.

म्हणजे एकेका पाइपाला दोन-दोन दोरे, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. डोकं चालेना. मी दोनदा बांधले का? एकदा सरळ आणि एकदा उलटे? वेड लागलेला माणूस असंच करत असेल का?

ते पुढच्या दोऱ्याकडे परत आले. गाठ चाचपली. गाठ घट्ट होती, कडक, चुन्याने धरल्यासारखी. आणि तिचं टोक डावीकडे वळत होतं.

त्यांचं बोट तिथेच थांबलं.

डावीकडे वळणारी गाठ साऱ्या गोदीत एकच माणूस मारत असे. धाकटा डावखुरा होता.

दोघे भाऊ जोडीने काम करत, म्हणून हे थोरले मिस्त्री आणि तो धाकटे मिस्त्री. धाकटा जाऊनही आता बराच काळ लोटला. 'थोरले' म्हणायची काही गरज उरली नव्हती, तरी नाव चिकटून राहिलं. दोघांत एकच भांडण, पण ते जन्मभर पुरलं. थोरले म्हणत, पाणी कुठून येतं ते आधी मोजावं. धाकटा म्हणे, "कुठून का येईना दादा, जातं कुठे ते आधी बघ." म्हणून त्याची एक गाठ समुद्राला, दोन संडासाला. एकाने बांधायचं आणि दुसऱ्याने जोडायचं, असं त्यांनी कधीच केलं नाही. केलं असतं तर आज झालं तेच झालं असतं.

"डॉक्टर," थोरल्यांनी आतूनच विचारलं, "हा संडास आधी कुणी बसवला होता?"

"म्हणजे काय? धाकट्यांनी."

"माझ्या भावानं?"

"अहो, तुम्ही इथेच होतात की. पुढे बॅटरी धरून बसला होतात. दिवसभर भांडत होतात दोघं गाठींवरून. आमची ही चहा घेऊन आली तर तुमचं भांडण संपेपर्यंत चहा निवला."

मुकादमाने मोठा श्वास सोडला. "घ्या. म्हणजे जुने दोरे धाकट्या काकांचे. तुमच्या गाठी बरोबरच होत्या, काका. अंधारात कुणाचीही फसगत झाली असती. मिटलं." त्याने निळ्या सदऱ्याकडे बघितलं आणि तो पहिल्यांदाच हसला. "सोमवारी पलीकडच्या दोन डोलकाठ्यांच्या बोटीला हीच टाकी बसवायचीय. तुम्हीच घ्या."

थोरले आतच पडून होते. गाठी बरोबर होत्या हे खरं. पण तो दिवस त्यांनी मनात चहूकडे शोधला. बॅटरी, चहा, धाकट्याची पाठ, काहीतरी. भांडणं शेकडो आठवत होती. हे एक नव्हतं. या बोटीत आपण याआधी पाय ठेवला होता, हेच त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी पाइप पुन्हा जोडले. संडासाचा मधल्या तोंडाला, समुद्राचा बाजूला. एक क्लिप आवळायची राहिली तेव्हा ते सरपटत बाहेर आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. डॉक्टर हातातला टाकीचा माहितीचा कागद उलटा धरून वाचत होते. त्यांनी वर बघितलं नाही. त्यांना बहुधा कळलं होतं.

"बारक्या," थोरले म्हणाले, "मला तो दिवस आठवत नाही."

"कुठला?"

"धाकट्याने इथे काम केलं तो. मी बॅटरी धरली तो. अजिबात नाही."

"जुनी गोष्ट आहे, काका. मला कालचं आठवत नाही."

"तुला क्लिप आठवते."

मुकादमाने चुळबुळ केली. "मग सोमवारचं?"

"सोमवारी येईन. जोडायचं दुसऱ्या कुणाला तरी दे. मी बॅटरी धरीन." त्यांनी पाना पुढे केला. "आणि ही शेवटची क्लिप तू आवळ."

"मी? मी मावणार आहे का आत?"

"श्वास सोडून जा. तुझं शिकवणं माझ्याकडे होतं, खाणं नव्हतं."

मुकादम कण्हत कुथत पलंगाखाली गेला. थोरल्यांनी गुडघे टेकले आणि त्याच्या खांद्यावरून बॅटरी धरली. क्लिप आवळली गेली. त्यांनी मुकादमाला ती पुन्हा हलवून बघायला लावली. मग डॉक्टरांना दांडा मारायला सांगितलं. टाकीच्या पांढऱ्या पोटात निळी रेघ उमटली आणि हळूहळू वर चढू लागली.

"जुने दोरे राहू देऊ का?" मुकादमाने आतून विचारलं.

"नको. पुढच्याचा गोंधळ होईल. काढ."

"सुटत नाही हो. लई घट्ट मारलीय."

"त्याची गाठ सुटायची नाही. काप."

चाकू लागल्याचा बारीक आवाज आला, मग दुसरा. मुकादमाने हात मागे करून दोऱ्याचे दोन तुकडे पुढे धरले. थोरल्यांनी ते डाव्या हाताने घेतले आणि मुठीत मिटले. उजव्या हातातला उजेड त्यांनी हलू दिला नाही.