पावाच्या टेम्पोतलं बिऱ्हाड

मी एक जुना टेम्पो आहे. पावाचा. म्हणजे मित्रांनो, जन्मानं पावाचा आणि आता कर्मानं घराचा. माझ्या पोटात पलंग आहे, शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे आणि खिडकीला फुलाफुलांचा पडदा आहे. माझ्या मागच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'बिऱ्हाड' असं लिहिलं आहे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, माझं पोटात आहे, एवढाच काय तो फरक. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मी कन्याकुमारीला जाऊन आलो आहे.

तसा मी रोशन गेटजवळच्या एका बेकरीत लहानाचा मोठा झालो. शहर अजून डोळे चोळत असायचं तेव्हा माझा हौदा गरम पावांच्या ट्रेंनी भरलेला असायचा. मी गल्लीत वळलो की चहाच्या टपऱ्यांवर माणसं मान वर करायची. माझ्यामुळे किती जणांचा नाश्ता वेळेवर झाला याची मोजदाद कुणी ठेवली नाही, पण मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे. पुढे बेकरीत नवी गाडी आली. मला भिंतीकडेच्या कडुनिंबाखाली उभं केलं आणि सगळे विसरून गेले. चाकांतली हवा गेली. पत्र्याला गंज चढला. एक शेळी माझ्या टपावर बसायला लागली आणि तिथून खाली उतरायला तिला कुणी सांगेना. मित्रांनो, काम करून झिजण्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पण नुसतं उभं राहून गंजणं फार जिवावर येतं.

अशात एक दिवस हेमचंद्रकाका आले. सिडकोत राहणारे, वाळूजच्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मला वाकून खालून पाहिलं, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे ठोकून बघितले आणि सरळ उभं राहताना कंबरेवर हात ठेवून कण्हले. बेकरीवाल्या चाचांनी चावी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ले जाओ साब. पन इसको उभा नक्को रखना, चलाना."

हेमचंद्रकाकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं होतं. फार वेळ बसलं की त्यांची पाठ धरायची आणि आडवं झाल्याशिवाय सुटायची नाही. मग अशा माणसाला टेम्पो कशाला हवा? तो त्यांच्या पत्नीला, मीनाक्षीबाईंना हवा होता.

बाईंनी शहरातल्या एका शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. काळी माती कुठे संपते, पूर्व घाट आणि पश्चिम घाट कुठे भेटतात, तीन समुद्रांचं पाणी कुठे एक होतं, हे त्या नकाशावर छडी ठेवून न बघता दाखवायच्या. पण शाळेची सहल दर वर्षी वेरूळला नाहीतर दौलताबादला, आणि घरी कधी सासूबाईंचं दुखणं तर कधी काकांची पाठ. बाईंनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात सातवीतली संस्कृती वर्गात उभी राहिली आणि तिनं निरागसपणे विचारलं, "बाई, समुद्राचं पाणी लई खारट असतं का? तुम्ही चाखलंय?"

"लई नाही, खूप म्हणावं," बाईंनी सवयीनं सुधारलं. मग म्हणाल्या, "पुस्तकात तसं दिलंय."

हे उत्तर त्यांच्या मनातून जाईना. पुस्तकात तसं दिलंय, एवढ्या भांडवलावर आपण इतकी वर्षं काढली, असं त्यांना वाटायला लागलं. काका म्हणाले, रेल्वेनं जाऊ, मी आडवा पडून येईन. बाई म्हणाल्या, "रेल्वेत झोपलं की उठेपर्यंत गाव बदललेलं असतं. मला मधला देश बघायचाय. माती बदलताना बघायचीय." आणि काकांना चालवता येणार नव्हतं, म्हणून गाडी बाईच चालवणार होत्या. आतापर्यंत त्यांनी फक्त स्कूटी चालवली होती.

मग माझा दुसरा जन्म झाला. काकांनी गंज खरवडला, अँगल जोडले, आतून प्लायवूड लावलं. पलंग त्यांच्या उंचीइतका लांब केला, पडल्या पडल्या प्रवास करताना घसरू नये म्हणून त्याला पट्टा लावला आणि चालकाच्या पाठीमागचा पत्रा कापून एक छोटी खिडकी केली. त्या खिडकीतून काका आडवे पडून बाईंना गाडी शिकवायचे. क्लच दाब, आरसा बघ, घाई करू नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मी जाधववाडीच्या अलीकडच्या मोकळ्या मैदानात पोट भरून पाहिलं. बाई गाडी बंद पाडायच्या, पुन्हा चालू करायच्या. आरटीओचे सोपस्कार झाले, बाईंना परवाना मिळाला आणि मला नवा हिरवा रंग.

आता सगळी गल्ली पुढे सरसावली. आपल्याकडे प्रवासाला निघालेल्या माणसाला शिदोरी देतात आणि दिलेल्या शिदोरीला नाही म्हणत नाहीत. शेजारचे तात्यासाहेब मूळचे देवगाव रंगारीचे, संस्कृतीचे आजोबा. त्यांनी ज्वारीचं अख्खं पोतं आणून ठेवलं. त्यांच्या पत्नी आवडाबाईंनी लोणच्याची बरणी, ठेच्याचा डबा आणि दोन गोधड्या दिल्या. कुणी पापड, कुणी कुरडया, कुणी गुळाची ढेप. काकांनी स्वतःची शिदोरी वेगळीच आणली. टूलरूमचा माणूस तो, लोखंडी वाइससकट, म्हणजे टेबलाला बसवायच्या जड पकडीसकट, सगळी अवजारं त्यांनी पलंगाखाली भरली. माझे पाटे कुरकुरले. पण ऐकतो कोण?

निघण्याआधी एक फेरी कन्नडच्या घाटात मारून बघायचं ठरलं. काका माझ्या पलंगावर आडवे होते आणि तात्यासाहेब जीप घेऊन मागे आले. "वहिनी, नकाशावर घाट दाखवणं येगळं अन् चढणं येगळं," असं ते निघतानाच म्हणाले होते. घाट उतरताना मी मजेत होतो. चाळीसगावच्या बाजूनं वळून परत चढायला लागलो आणि माझ्या नाकी नऊ आले. एका वळणावर माझा दम संपला, इंजीन बंद पडलं आणि मी मागे सरकायला लागलो.

मित्रांनो, ते काही क्षण मी जन्मात विसरणार नाही. बाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, तरी मी इंचाइंचानं घसरत होतो. मागे ट्रकांची रांग, आणि प्रत्येक जण हॉर्न वाजवतोय. हॉर्ननं गाडी चढत नसते, पण हे त्यांना कोण सांगणार? तात्यासाहेब जीपमधून उडी मारून धावले, कडेचा एक काळा दगड उचलला आणि माझ्या मागच्या चाकाखाली सारला. मी थांबलो.

तात्यासाहेबांनी माझं दार उघडून आतलं पोतं, ढेप, डबे, वाइस बघितलं आणि कपाळाला हात लावला. "ह्यो टेम्पो हाय का किराणा दुकान? निम्मं तर म्याच भरलंय."

सामान जीपमध्ये काढलं तेव्हा मी वर आलो. कन्नडच्या वजनकाट्यावर ते सगळं परत माझ्यात घालून मला तोललं, तर मी माझ्या ताकदीच्या कितीतरी वर भरलो होतो. काटेवाला हसला. घरी येताना रस्ताभर काका खिडकीतून बाईंची पाठ बघत होते. शेवटी म्हणाले, "मीनाक्षी, राहू दे. माझ्या पाठीपायी तू जीव धोक्यात घालू नकोस."

बाई म्हणाल्या, "घाट मला अवघड गेला नाही. ओझं अवघड गेलं."

पण ओझं उतरवणं घाटाहून कठीण होतं. वाइस काकांनी निमूटपणे काढली. ज्वारीचं पोतं परत गेलं तेव्हा मात्र आवडाबाईंचे डोळे भरले. "आमच्या घरचं तुम्हाला जड झालं का बाई?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी मीनाक्षीबाई एक स्वच्छ पिशवी घेऊन दारोदार गेल्या आणि प्रत्येकीकडून एकच मूठ पीठ मागितलं. ज्वारीचं, बाजरीचं, जे घरात असेल ते. सगळ्या गल्लीचं पीठ एका पिशवीत आलं. आवडाबाईंनी आपली मूठ सगळ्यांत शेवटी टाकली, आणि ती जरा मोठीच होती.

मग बाई पुन्हा त्याच घाटात गेल्या. त्याच वळणावर मुद्दाम थांबल्या आणि एका दमात मला वर घेऊन आल्या. तात्यासाहेबांनी जीपमधून मान हलवली, पण घाटातला तो काळा दगड शोधून आणून माझ्या आत ठेवलाच. "इतकं सगळं काढलंत, पर ह्यो एक राहू द्या. वाटेत लागंल."

आणि आम्ही निघालो. बीड, सोलापूर मागे पडलं, विजयपूर आलं. काळी माती हळूहळू तांबडी व्हायला लागली, तशा बाई गाडी कडेला घेऊन उतरल्या आणि मूठभर माती हातात घेऊन बघत राहिल्या. काका पडद्याआडून विचारत, "काय गं, पुस्तकात दिलंय तसंच आहे ना?" बाई म्हणायच्या, "पुस्तकातला रंग फिका आहे." पेट्रोलपंपावर लोक जमायचे. खिडकीतून दिसणारा आडवा माणूस आणि गाडी चालवणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाई बघून आधी हसायचे, मग चहा द्यायचे. पाववाल्या टेम्पोला एवढा मान कधी मिळाला होता?

म्हैसूर सोडलं आणि समोर निळे डोंगर उभे राहिले. निलगिरी. पूर्व घाट आणि पश्चिम घाट जिथे भेटतात ती जागा. बाईंना तिथूनच जायचं होतं. चढ सुरू झाला. एका उभ्या वळणावर पुढची बस अडली आणि सगळी रांग थांबली. मीही थांबलो, नाक वर करून, अगदी कन्नडच्या वळणावर होतो तसाच. मागून पहिला हॉर्न वाजला. काकांनी पट्टा सोडला, कंबर धरून उठले आणि दगडाला हात घातला.

"झोपून राहा," बाई आरशात बघत म्हणाल्या. "दगड लागणार नाही."

बस हलली. बाईंनी क्लच अर्धा सोडला. मी थरथरलो, त्यांनी तेवढंच पेट्रोल दिलं आणि मग हँडब्रेक खाली केला. मित्रांनो, मी एक तसूभरही मागे गेलो नाही. पुढे गेलो. वळणामागून वळण चढत गेलो, आणि वर पोचल्यावर थंड वाऱ्यात उभा राहून वाफा सोडत होतो तेव्हा मला वाटलं, त्या कडुनिंबाखालच्या शेळीनं आता मला बघावं.

कन्याकुमारीला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. काका काठी टेकत आणि बाई साडीचा काठ धरून पाण्यात गेले. बाईंनी ओंजळीत पाणी घेतलं आणि जिभेला लावलं. त्यांनी असं तोंड केलं की काका खो खो हसायला लागले. मग त्यांनी ओल्या हातानंच फोन लावला.

"संस्कृती, बाई बोलतेय. लई खारट आहे गं."

पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. बाई मात्र रडत होत्या आणि हसत होत्या. नंतर माझ्या मागच्या दाराशी बसून त्यांनी ते गल्लीचं पीठ मळलं आणि भाकरी थापल्या. समुद्रासमोर बसून दोघांनी ठेच्याबरोबर खाल्ल्या. ती भाकरी कुणा एका घरची नव्हती, त्यामुळे तिला सगळ्यांची चव होती, असं काका म्हणाले. मला पुन्हा एकदा कुणाचा तरी नाश्ता वेळेवर करून दिल्यासारखं वाटलं.

परत आलो त्या दिवशी गल्लीत फुलं उधळली. माझ्या टपावर हार चढला, बॉनेटला कुंकू लागलं. बाईंनी पहिलं काम केलं ते दगड उचलून तात्यासाहेबांच्या हातात देण्याचं.

"लागला का वहिनी?"

"नाही लागला."

तात्यासाहेबांनी दगड उलटापालटा करून पाहिला. "लई झ्याक," एवढंच म्हणाले आणि दगड घरी नेला. आवडाबाईंनी तो धुऊन ठेवला. लोणच्याच्या बरणीवर दाबायला बरा, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला पुसत होते. आवडाबाई पदर खोचून आल्या. हातात तोच दगड होता. त्यांनी माझं दार उघडलं, दगड होता त्या जागी ठेवला आणि मीनाक्षीबाईंना म्हणाल्या, "आता माझ्यासाठी ऱ्हाऊ द्या. मला बी शिकायचंय."

तात्यासाहेब ओट्यावरून बघत होते. कुणी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "मंग बस की. जीप मी मागं आणतो."

तर मित्रांनो, हल्ली मी रोज सकाळी त्या मोकळ्या मैदानात असतो. आवडाबाई मला बंद पाडतात आणि पुन्हा चालू करतात. मला त्याचं काही वाटत नाही, मी कडुनिंबाखाली नाही एवढं पुष्कळ आहे. माझं तुमच्याजवळ थोडंच मागणं आहे. आपल्या जुन्या वस्तूंना गंजू देऊ नका, चालवा. त्यांच्यावर ओझं घालाल ते प्रेमाचं असलं तरी बेतानं घाला. आणि कधी चढावर तुमच्या पुढची गाडी बंद पडली, तर हॉर्न वाजवू नका. आत कुणीतरी शिकत असतं.