नियम क्रमांक शून्य

ताईचा पाय मोडला तेव्हा वाचनालयाच्या संचालकांनी तिथले संगणक सांभाळणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीला सरळ सांगितलं होतं, "आठवडाभर रजा घ्या." पण रजा घेईल ती बाई कसली! "रजा कशाला, साहेब? तिथूनच सांभाळते सगळं. एक कळ दाबायचा अवकाश!" असं म्हणून तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि दुसऱ्या गावी ताईचं घर गाठलं.

हे कळीचं पुराण ती उठता-बसता लावायची, म्हणून वाचनालयात तिचं नाव कळबाई पडलं होतं. जे तिला जास्त ओळखून होते ते 'कळलावी' म्हणत. मनातल्या मनात तिलाही ते जास्त पटायचं.

वाचनालयाच्या चार शाखा. तिथल्या सगळ्या माणसांची नावनिशी एका मुख्य सर्व्हरवर ठेवलेली: कोण कुठे काम करतं, कुणाचा पासवर्ड काय, कुणाला काय उघडायची मुभा. सकाळी संगणक सुरू केला की तो आधी या सर्व्हरला विचारणार, "हे आपलेच ना?" आणि सर्व्हरने मान हलवली तरच पुढचं काम. कुणाला किती दिसावं याचे नियम कळबाईच्या हातात. पूर्वी ती ते एकेक करून बदलायची. आता तिने एक स्क्रिप्ट लिहिली होती, जी दूर बसूनही सगळे बदल एका दमात करून टाकायची.

मंगळवारी सकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर बसून तिने एक नवा नियम घातला: 'बाकी कुणालाही काहीही दिसू नये.' नियम चांगलाच होता, फक्त त्याची जागा सगळ्यात शेवटी हवी होती. सर्व्हर वरून खाली वाचतो आणि लागू पडणारा पहिला नियम सापडला की पुढे वाचतच नाही. कळबाईने त्याला क्रमांक दिला शून्य. तो जाऊन बसला सगळ्यांच्या डोक्यावर.

"झालं बघ ताई! चहाला आधण येण्याआधी काम फत्ते," म्हणत तिने लॅपटॉप मिटला, तशी सर्व्हरशी चालू असलेली जोडणीही तुटली. 'बदल तपासून होईपर्यंत चालू जोडणी तोडू नये,' असं वाचनालयाच्या माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ती पुस्तिका तिनेच लिहिली होती. पण स्वतः लिहिलेलं स्वतःही वाचावं, असं त्या पुस्तिकेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

चहा गाळत असतानाच फोन आला. पुस्तकं देणारा कारकून होता. "मॅडम, संगणक मला ओळखच दाखवत नाही." मग दुसऱ्या शाखेतून फोन, मग तिसऱ्या. कळबाईने घाईघाईने लॅपटॉप उघडला, तर सर्व्हरने तिलाही बाहेरच्या बाहेर कटवलं.

"तोंड का उतरलं गं?" प्लास्टरमधला पाय उशीवर सरकवत ताईने विचारलं.

"मी सगळ्यांना बाहेर काढलं."

"आणि तू?"

"मी पण बाहेर."

"वा! आमच्याकडे निदान किल्ली आत राहिली तर शेजारी तरी असतात."

शेजारी! कळबाईला वाचनालयाचं पुस्तकभांडार सांभाळणारे काका आठवले. सर्व्हरची खोली त्यांच्या भांडाराला लागूनच होती. थेट त्या यंत्रासमोर बसून आत शिरायचा एक वेगळा पासवर्ड होता. तो एका पाकिटात घालून काकांच्या कपाटात ठेवलेला असायचा. पण गेल्याच वर्षी कळबाईने सुरक्षिततेवर तासभर व्याख्यान झोडून ते पाकीट फाडायला लावलं होतं.

तिने फोन लावला. "काका, ते पाकीट..."

"तुम्ही फाडायला सांगितलेलं?"

"हो. तेच."

"नाही फाडलं."

"का?"

"तुम्ही रागात होतात, मॅडम. रागात सांगितलेलं काम मी दुसऱ्या दिवशी करतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंच नाहीत."

कळबाईने फोनवरच हात जोडले. काका चष्मा लावून यंत्रासमोर बसले. जुन्या नियमांची प्रत तिथेच होती. ती परत बसवायला तीन ओळी टाइप करायच्या होत्या.

"आता आडवी रेघ."

"वरची की खालची?"

"मधली."

"बरं. पुढे?"

"मोकळी जागा."

"किती मोकळी?"

ताई उशीत तोंड खुपसून हसत होती. तीन ओळींना चाळीस मिनिटं लागली, पण काकांचं एकही अक्षर चुकलं नाही आणि सर्व्हरने सगळ्यांना पुन्हा आत घेतलं.

तेवढ्यात संचालकांचा फोन. "लोकांना काय सांगू? तांत्रिक बिघाड म्हणू का?"

कळबाईच्या जिभेवर 'हो' आलंच होतं. मग तिने ते गिळलं. "बिघाड नाही साहेब. माझी चूक आहे ती."

मग साहेब म्हणाले, "असं का? मग निदान दुरुस्त होण्यासारखं आहे."

पुढच्या आठवड्यात परतल्यावर ती आधी भांडारात गेली आणि काकांना एका जुन्या, रिकाम्या यंत्रासमोर बसवलं. "हे सगळं तुम्हाला शिकवते. माझ्याखेरीज अजून कुणाला तरी यायला हवं."

काकांनी वही उघडली. "मॅडम, आधी मला चुका कुठे होतात ते सांगा."

त्या विषयावर कळबाईकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. दुपारचे चार वाजले तरी ती सांगतच होती.