परीक्षेला आणलेला चेहरा

जिची परीक्षा, तिनेच चेहराही आणायचा, असा मेकनेस शहरातल्या त्या सौंदर्यशाळेचा नियम होता. कुणी शेजारीण आणी, कुणी नणंद. गिझलानने मात्र फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं, "माझी आई येणार."

आई, मबारका, तेव्हा समुद्रापलीकडे स्पेनमध्ये स्ट्रॉबेरी खुडायला गेलेली. चार महिने ती गिझलानला फोनच्या काचेवर दिसली, तीही अर्धीमुर्धी. कधी नुसती हनुवटी, कधी कपाळ. शाळेत मुली एकमेकींच्या गालांवर हात बसवत, तेव्हा गिझलान डोळे मिटून आईचाच चेहरा समोर आणी. कपाळाच्या मध्यापासून कानशिलाकडे, हनुवटीपासून कानाच्या पाळीकडे. हाताखाली आडवी झालेली वर्गमैत्रीण सुकैना ओरडे, "अगं, डोळे उघड! ते माझं नाक आहे, तुझ्या आईचं नाही."

बुधवारी संध्याकाळी आई आली आणि गुरुवारी परीक्षा. उंबऱ्यातच गिझलानने तिला मिठी मारली, पण चेहऱ्याला हात लावला नाही. रोजा सोडायला खजूर बाजूला ठेवावा, तसा तो तिने उद्यासाठी राखला.

गुरुवारी खाटेवर आडव्या झालेल्या आईच्या केसांना पट्टी बांधून तिने भिंगाचा दिवा खाली ओढला, आणि तिचा हात जागीच थांबला. गाल उन्हाने भाजलेले होतेच. त्यांवर आता बारीक लाल ओरखडे होते, नाकाच्या कडेचं सालपट निघालं होतं.

"यम्मा, हे काय केलंस?"

"काय केलं? पहाटेच हमाममध्ये जाऊन आले. काळा साबण लावला, खरखरीत हातमोज्याने खसाखसा घासलं. नाहीतर तुझ्या बाई म्हणायच्या, पोरगी इथे शिकतेय आणि आईच्या तोंडावर शेतातली माती!"

"अंगाचा हातमोजा तोंडाला लावलास?"

"माझ्या लग्नात तुझ्या आजीने असाच घासला होता. मेले का मी?"

पलीकडच्या खाटेपाशी उभी सुकैना खुदकन हसली. "मावशी, तुम्ही तर गिझलानच्या आधीच परीक्षा देऊन आलात!"

गिझलानला हसू आलं नाही. परीक्षेच्या कागदावर सात पायऱ्या होत्या: पाहणी, धुणं, घासणं, वाफ, काळे दाणे काढणं, मालिश, मातीचा लेप. उघड्या पडलेल्या कातडीला त्यातलं काय चालतं, हे तिला पाठ होतं. पाहायचं, गार पाण्याने हलकेच धुवायचं, बस्स. ज्या मालिशीसाठी तिने चार महिने दिवस मोजले, तीच नेमकी वर्ज्य.

"कर गं," आई कुजबुजली. "झोंबेल थोडं, झोंबू दे. माझ्यापायी नापास होऊ नकोस."

गिझलानने बोटांवर तेल घेतलं. बोटं आईच्या गालाच्या इतकी जवळ गेली, की गालाची धग त्यांना लागली. क्षणभर ती तशीच राहिली. मग नळाखाली जाऊन तिने साबणाने हात धुतले.

"लल्ला नझहा," तिने बाईंना हाक मारली, "पुढच्या पायऱ्या मी करणार नाही."

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "पाहणीचे आणि धुण्याचे गुण पूर्ण देते. बाकीचे रकाने कोरे राहतील, बाळ. शनिवारी दुसरा चेहरा घेऊन ये."

मबारका धडपडत उठू लागली. "लल्ला, चूक माझी हो! तिला रागावू नका."

"पडून राहा. रागावतंय कोण? दहा दिवस या चेहऱ्याला कुणी बोट लावायचं नाही. तुम्हीसुद्धा."

गिझलानने उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ कापड बुडवलं, पिळलं आणि आईच्या तोंडावर पसरलं. नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवल्या. एवढ्या दिवसांनी आलेला चेहरा पुन्हा झाकला गेला. शेजारच्या खाटांवर वाफेची यंत्रं सुरू झाली. सुकैनाची बोटं तिच्या नणंदेच्या गालांवर फिरू लागली. गिझलानने तिकडे पाठ केली.

कापड पाच मिनिटांनी बदलायचं असतं. बदलताना ते उचललं, की मधल्या दोन श्वासांपुरते आईचे डोळे दिसत, मिटलेले, आणि त्यांच्या कडेच्या नव्या सुरकुत्या.

तिने पहिलं कापड पाच मिनिटांनी बदललं. दुसरं चार मिनिटांनी.

"एवढ्यात तापलं?" आईने कापडाखालून विचारलं.

"हो, यम्मा," गिझलान म्हणाली, आणि तिसरं उचललं.